‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ : वाशिमच्या बोलींच्या निमित्ताने

मातृभाषा माणसाचा विचार घडविते, हे मत विल्हेल्म फोन हुम्बोल्टपासून बेंजामिन ली व्होर्फपर्यंत अनेक विद्वानांनी मांडले आहे. व्होर्फचे निबंध 1956 मध्ये ग्रंथरूपाने निघाले आणि भाषा ही विचाराची चौकटच होय, अशी समजूत बळावली. त्या कडक स्वरूपात हे मत आता सहसा कोणी मान्य करीत नाही. भाषा काय बोलू देते यापेक्षा ती काय बोलावयास भाग पाडते ते पाहावे, ही रोमान याकोबसनची दृष्टी अधिक फलदायी ठरली. तथापि विचाराचा प्रश्न बाजूस ठेवून माणूस माणसाची जी पारख करतो तिच्याकडे वळलो, तर भाषेचा हात तेथे फार स्पष्ट दिसतो. अकोला जिल्ह्यातून 1998 मध्ये वेगळा झालेला वाशिम जिल्हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

येथील खेड्यांची बोली वऱ्हाडी. ग्रियर्सनने भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, 1905 मध्ये, तिची नोंद केली आहे. ‘डोळा’चा ‘डोया’, ‘मला’चे ‘मले’, ‘का’च्या जागी ‘काहून’ ही तिची सहज ओळखू येणारी लक्षणे. पुष्कळ स्त्रियांच्या तोंडीही ‘मी जातो’ असेच रूप असते. पुण्याकडील श्रोत्यास ते पुरुषी वाटते, क्वचित उद्धटही. प्रमाण मराठी वर्तमानकाळी प्रथमपुरुषातही वक्त्याचे लिंग सांगावयास लावते, म्हणून न सांगणे हा त्याच्या कानाला दोष भासतो. पण संस्कृतातील ‘गच्छामि’ स्त्रीपुरुषांस समानच आहे, आणि त्यावरून संस्कृत बोलणाऱ्यांस लिंगभेदाची जाणीव नव्हती असा तर्क अद्याप कोणी केलेला नाही! अर्थात येथे व्याकरणाने बोलणारीचा विचार घडविला नसून ऐकणाऱ्याचा निवाडा घडविला आहे.

हा निवाडा ज्या शब्दांत दिला जातो ते शब्दही मातृभाषाच पुरविते. मराठीत प्रमाणाबाहेरील रूपास ‘अशुद्ध’ म्हणतात. सोवळ्याओवळ्याच्या व्यवहारात जो शब्द रूढ, तोच लेखनाच्या नियमांस लागला. त्यामुळे ‘शुद्धलेखन’ शिकताना नियमाबरोबर पावित्र्याची भावनाही नकळत शिकली जाते. चूक दुरुस्त होते. विटाळाचे तसे नसते. वास्तविक हे नियम संकेताचे आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांपूर्वी ‘घरांत’ हे अनुस्वारयुक्त लेखन शुद्ध होते. पुढे त्याच अनुस्वाराने ते अशुद्ध ठरले. ‘ग्राम्य’ हा शब्दही असाच. काव्यशास्त्राने त्याला दोषांच्या यादीत बसविले आणि खेड्यात राहणे व वाईट बोलणे यांची सांगड पडून गेली.

असा निवाडा केवळ परका करतो असे नाही. वॉलेस लॅम्बर्ट व त्याचे सहकारी यांनी माँट्रियल येथे केलेला प्रयोग 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच द्विभाषिक माणसाचा आवाज कधी इंग्रजीत, कधी फ्रेंचमध्ये ऐकविला असता इंग्रजी बोलणारा ‘माणूस’ श्रोत्यांस अधिक बुद्धिमान वाटला. आणि तसे वाटणाऱ्यांत फ्रेंचभाषिक विद्यार्थीही होते. वऱ्हाडातील विद्यार्थी शहरात येताच ‘मले’ गिळून ‘मला’ म्हणू लागतो आणि घरून आलेल्या वडिलांशी मित्रांदेखत बोलण्यास संकोचतो, ते याच जातीचे आहे. प्रस्तुत लेखकानेही तोंडी परीक्षांत अडखळत्या प्रमाणभाषेचे गुण विषयज्ञानातून वजा केले आहेत. ते लक्षात आले, तेही फार उशिरा.

यातील विरोधाभास असा की, वाशिम हेच प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला आहे, आणि कर्पूरमंजरीत वैदर्भी रीतीस तो याच नगराच्या नावावरून ‘वच्छोमी’ म्हणतो. वामनाने जी रीती सर्वगुणसंपन्न मानली ती ही. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट 1939 मध्ये वाशिम येथे सापडला. त्यातील वंशावळ संस्कृतात असून दानाचा तपशील प्राकृतात आहे. पूर्वजांची थोरवी एका भाषेत आणि व्यवहार दुसऱ्या भाषेत, ही वाटणी चौथ्या शतकातील आहे. मात्र दोन्ही भाषा एकाच राजाज्ञेत, एकाच तांब्यावर, सारख्याच निगुतीने कोरलेल्या आहेत. व्यवहाराची भाषा लिहिण्यास अपात्र मानलेली नाही.

जिल्ह्यातील तिसरी भाषा बंजारा समाजाची गोरमाटी. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे या समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. राजस्थानी भाषांशी जवळचे नाते असलेल्या या भाषेत स्वजनास ‘गोर’ आणि बंजारेतरास ‘कोर’ म्हणतात. हा भेदही निवाड्याचाच आहे. पण त्याचा कस वेगळा. तो आपला कोण व परका कोण एवढे विचारतो, शुद्ध कोण ते विचारीत नाही. तांड्यातील मूल घरी गोरमाटी, गावात वऱ्हाडी आणि पुस्तकात प्रमाण मराठी अशा तीन भाषा सांभाळते. त्याच्या दृष्टीने वऱ्हाडी व प्रमाण मराठी या दोन्ही कोरांच्याच. त्याने ‘डोया’ लिहिले तर ते शेजारच्या भाषेत प्रावीण्य मिळविल्याचे चिन्ह असते, आणि नेमक्या त्याच शब्दाखाली तांबडी रेघ पडते. तेथे ‘अशुद्ध’ न लिहिता ‘प्रमाण रूप : डोळा’ एवढेच लिहिण्याचा परिपाठ मी अलीकडे ठेवला आहे.