जमिनीची कुवत

एखादी जमीन चांगली की वाईट असे विचारले, तर मृदाशास्त्रज्ञ एकदम उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, "कशासाठी?" ज्वारीला उत्तम असलेली भूमी घराच्या पायाला घातक ठरू शकते. जेथे पीक म्हणून काही येत नाही, अशा खडकावर किल्ला शतकानुशतके उभा राहतो. हा भेद ध्यानात न घेता जमिनीची विक्री, विभागणी आणि बांधणी होऊ लागली, म्हणजे तिचे मोल रुपयांत ठरते आणि तिची कुवत विचारातच घेतली जात नाही.

हा विषय समजून घेण्यास जयपूरजवळचा झालान्याचा डोंगर सोयीचा आहे. झालाना डुंगरी हा भाग आज शहराच्या पोटात आला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय तेथेच आहे, आणि त्याच परिसरातील राखीव वनात बिबळे नांदतात. डोंगर अरवलीचा, कठीण क्वार्ट्झाइट खडकाचा. माथ्यावर मातीचा थर नावापुरता. खाली उतारावर दगडगोटे आणि भरड माती, पायथ्याशी वाळू, आणि त्यापुढे सपाट मैदान. पश्चिमेकडून वाऱ्याबरोबर आलेली वाळू अरवलीच्या अनेक टेकड्यांच्या कुशीत अशीच साचलेली आढळते. पाऊस वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर. तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत.

जमिनीची प्रतवारी करण्याची कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. इंग्रजी अमदानीत १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात सारा ठरविण्यासाठी नवी मोजणी सुरू केली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. त्या पद्धतीत मातीच्या पोतावरून आणि रंगावरून तीन जाती मानीत. नंतर खोली हातांत मोजून नऊ वर्ग पाडीत. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी माती सोळा आण्यांची. एक हात खोल असेल तर ती चौथ्या वर्गात जाऊन दहा आण्यांची. शेवटच्या, नवव्या वर्गाला दोनच आणे. त्यानंतर दोष पाहावयाचे: चुनखडीचे खडे, वाळूची मिसळ, उतार, वरून वाहून येणारे पाणी, उपळाची ओल. प्रत्येक दोषाला जमीन एक वर्ग खाली उतरे. म्हणजे ती दहा आण्यांची जमीन उतारवट आणि शिवाय चुनखडीची निघाली, तर सहाव्या वर्गात जाऊन सहा आण्यांची होई. मातीत फावडे घालून शंभर ठिकाणी पाहणाऱ्या त्या कारकुनांचे काम मोठे चिकाटीचे होते, यात शंका नाही. परंतु त्यांचा प्रश्न एकच होता: या शेतातून सरकारला किती सारा घेता येईल?

विसाव्या शतकात प्रश्न बदलला. अमेरिकेत धुळीच्या वादळांनी शेतेच्या शेते उडून गेल्यावर १९३५ साली तेथे मृदासंधारणाचा कायदा झाला आणि ह्यू बेनेट यांच्या नेतृत्वाखाली एक स्वतंत्र खाते उभे राहिले. त्या खात्यात जमिनीचे आठ वर्ग करण्याची पद्धत रुजली. तिच्यात जमीन किती देते, यापेक्षा ती वापरताना कोणता धोका संभवतो, हे आधी पाहतात. पहिले चार वर्ग नांगरास योग्य, मात्र क्रमाने अधिकाधिक काळजी मागणारे. पाचव्यापासून पुढचे नांगराला न देण्याजोगे. तेथे कुरण किंवा वन राखावे. आठव्यात उघडे खडक, वाळूचे ढीग अशी भूमी येते. झीज, ओल, मुळांच्या थरातील उणीव आणि हवामान या चार कारणांनी उपवर्ग पाडतात. मुख्य नियम असा, की सर्वांत कडक दोषच वर्ग ठरवितो. माती कितीही कसदार असली, तरी ती तीव्र उतारावर असेल तर पहिल्या वर्गात बसत नाही. इंदापूरच्या कारकुनाप्रमाणे येथे दोषांची बेरीज-वजाबाकी नाही. भारतात १९५६ मध्ये अखिल भारतीय मृदा व भूमी-उपयोग सर्वेक्षण स्थापन झाले, आणि १९७६ पासून नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी-उपयोग नियोजन संस्था हे काम करते. तिचे एक प्रादेशिक केंद्र उदयपूरला आहे.

पाहणीची रीत फारशी अवघड नाही. शंभर मीटर अंतरात जमीन तीन मीटर उतरली, तर उतार शेकडा तीन. खड्डा खणून थर पाहावेत, माती भिजवून बोटांनी तिची वळी करून पाहावी; वाळूची वळी होत नाही, चिकणमातीची लांबच लांब होते. सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला, तर चुना आहे असे समजावे.

झालान्याच्या माथ्यावरून खाली येताना हे वर्ग जणू पायऱ्यांप्रमाणे भेटतात. कडा आणि माथा सातव्या-आठव्या वर्गाचा. तेथे धोकडाची झाडी आणि गवत हेच योग्य पीक. विलायती बाभळीने त्या झाडीत बराच शिरकाव केला आहे, ही गोष्ट वेगळी. पायथ्याची उतारवट वाळू नांगरली, तर पहिल्याच जोराच्या पावसात घळी पडू लागतात. ती सहाव्या वर्गात धरणे बरे. मैदानी वालुकामय जमीन मात्र बाजरी, मूग, गवार देते आणि विहिरीचे पाणी मिळाले तर जव आणि मोहरीही. अशा जमिनी सामान्यतः तिसऱ्या-चौथ्या वर्गात पडतात.

येथेच एक मोठी गफलत होते. सातव्या-आठव्या वर्गाची जमीन शेतीला निरुपयोगी, म्हणून ती घरांना द्यावी, असा तर्क सर्रास केला जातो. या वर्गीकरणाने असे कधीच म्हटलेले नाही. घराच्या प्रश्नाला वेगळी कसोटी लागते, आणि कित्येकदा तिचे उत्तर उलटे येते. आपल्याकडची काळी माती, जिला विंगेटने सोळा आणे दिले, ती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. तिच्यावरच्या भिंतीही तिच्याबरोबर तडकतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेले पायाचे खांब प्रचारात आणले. हा फुगवटा ऋतुमानाने न हलणाऱ्या खोल थरात रुतून बसतो. झालान्याच्या वाळूला हा रोग नाही. पण तिच्यातून सांडपाणी इतक्या वेगाने खाली जाते, की ते पुरेसे गाळले न जाता भूजलात पोचते. मैलापाण्याचा खड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर शेजारी असतील, तर हा दोष जीवावर बेतू शकतो.

शेताचे भूखंड पाडताना तर प्रत्येक तुकड्यापेक्षा सबंध उताराचा विचार हवा. जयपूर नगर १७२७ साली वसविताना हा विचार झालेला दिसतो. नऊ चौकोनांच्या योजनेतील वायव्येचा चौकोन डोंगर आड आल्याने पूर्वेकडे सरकविला गेला, आणि पूर्व-पश्चिम राजमार्ग अशा उंचवट्यावरून नेला की पाणी दोन्ही बाजूंना वाहून जावे. उलट उदाहरण शहराच्या ईशान्येस रामगढचे. बाणगंगेवरचा तो तलाव विसाव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला, दीर्घकाळ जयपूरला पाणी पुरवीत होता, आणि १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील नौकानयन तेथेच झाले. पुढे पाणलोटात बांध, कुंपणे, इमारती वाढल्या. प्रत्येक मालकाने आपल्या तुकड्यापुरते पाणी अडविले वा वळविले, आणि तलाव कोरडा पडला. राजस्थान उच्च न्यायालयाने २००४ साली जलाशय आणि त्यांची पाणलोट क्षेत्रे पूर्वस्थितीत आणण्याविषयी आदेश दिले. पण वस्ती झालेला ओढा मोकळा करणे आदेश लिहिण्याइतके सोपे नसते.

शेतजमीन बिनशेती करण्यास राजस्थानात १९५६ च्या भूराजस्व अधिनियमाची आणि महाराष्ट्रात १९६६ च्या जमीन महसूल संहितेची परवानगीविषयक कलमे आहेत. परवानगीचा कागद मिळाला, म्हणून जमिनीचा उतार बदलत नाही. पायथ्याशी भूखंड घेऊ पाहणारा गृहस्थ बहुधा उन्हाळ्यात जागा पाहावयास जातो. त्याला कोरड्या वाळूचा एक रुंद पट्टा दिसतो. सपाट, स्वच्छ आणि शेजारच्या जागेपेक्षा स्वस्त. १९८१ च्या जुलैत जयपुरात अतिवृष्टी होऊन पूर आला, तेव्हा अशा पट्ट्यांतून काय वाहिले असेल, हे त्याला कोण सांगणार? पटवाऱ्याच्या दप्तरातील जुना खसरा काढून पाहावा. तेथे त्या पट्ट्यापुढे 'गैर मुमकिन नाला' असे शब्द असतील, तर तो वर्षातले दहा महिने कोरडा असला तरी ओढाच होय.