सासू, सून आणि लॅटिन

मैत्रिणींनो, परवा आमच्याकडे एक गंमतच झाली. म्हणजे माझ्या दृष्टीनं गंमत, शेजारच्या वहिनींच्या दृष्टीनं मात्र संकट! भरदुपारी शाळेतून येऊन मी जरा आडवी होते न होते, तोच वहिनी दारात. मागं त्यांची मुलगी, मान खाली घालून. यंदाच बारावी झालेली. दहावीपर्यंत तिला संस्कृत मीच शिकवलं, त्यामुळे आरोपी अर्थातच मी.

"बाई, आता तुम्हीच सांगा हिला. म्हणते, पुण्याला जाऊन संस्कृत घेऊन बी. ए. करीन आणि पुढं ते ग्रीक का लॅटिन शिकीन. ज्या भाषा कुणी बोलतच नाही त्या शिकून करायचं काय? आम्ही बागेच्या पैशातून हिची फी भरायची, आणि ही मेलेल्या भाषा शिकणार!"

खरं सांगू? माझ्याही ओठांवर तेच आलं होतं, की बाळ, बी. एड. कर, बँकेच्या परीक्षा दे. पण बोलणार तोच माळ्यावर बांधून ठेवलेलं माझं एम. ए.च्या पुस्तकांचं गाठोडं आठवलं. लग्नानंतर ते जे वर गेलं, ते चुन्याचा हात देण्यापुरतंच खाली येतं. मग मी वहिनींना बसवलं, चहा टाकला आणि विचारलं, "वहिनी, सासूला लॅटिनमध्ये काय म्हणतात, ठाऊक आहे?"

ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. पण ऐका. सासूला संस्कृतात म्हणतात श्वश्रू. त्यावरून आपली सासू. लॅटिनमध्ये तीच सोक्रुस! सून म्हणजे संस्कृतात स्नुषा, आणि लॅटिनमध्ये नुरुस. दीर म्हणजे देवृ, ग्रीकमध्ये दाएर. आणि जाऊ? तिला संस्कृतात यातृ म्हणतात. ग्रीकांच्या जावा म्हणजे एइनातेरेस. मूळ शब्द एकच. जगात इतक्या लांब गेलेल्या भाषांनी राजा-प्रधान कुठं कुठं सोडले असतील, पण सासर मात्र बरोबर नेलं! विधवेला लॅटिनमध्ये म्हणतात विदुआ. तोही आपलाच शब्द, काय सांगायचं!

हे नातं काही माझ्या मनचं नाही. कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली भर सभेत सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिघी एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात, आणि ती आई आता बहुधा हयात नाही. म्हणूनच आपल्याकडच्या संस्कृत शिकलेल्या मुलीला या भाषा निम्म्या कष्टात येतात. परदेशातली मुलं विभक्ती म्हटलं की घाबरतात. आपण "रामः रामौ रामाः" घोकून मोठ्या झालेल्या. संस्कृतात आठ विभक्ती, लॅटिनमध्ये सहा, ग्रीकमध्ये पाच. म्हणजे ओझं कमीच झालं की! आपलं ते छळवादी द्विवचनसुद्धा जुन्या ग्रीकमध्ये भेटतं.

वहिनी म्हणाल्या, "ते राहू द्या. आपला नि त्यांचा संबंध काय?" मी म्हटलं, लिलावात कांद्याला दाम मिळतो ना, तो दाम ग्रीकांच्या द्राख्मे नावाच्या नाण्यावरून आला. द्राख्मेचा द्रम्म झाला आणि द्रम्माचा दाम. दीनार आला रोमन लोकांच्या देनारियुसवरून. मुलीच्या पत्रिकेत ज्योतिषीबुवा केंद्र बघतात, होरा बघतात. हे दोन्ही शब्द ग्रीक! ज्या पत्रिकेच्या जोरावर आपण मुलीला घरात ठेवतो, तिच्यातच ग्रीक शब्द लपलेले.

आणि इथून तीसेक किलोमीटरवर नाशिक. तिथली पांडवलेणी आपण सहलीला जाऊन, भेळ खाऊन, पायऱ्यांवर फोटो काढून पाहिलेली असतात. मीही मुलींना घेऊन तीन वेळा गेले आहे, पण कळलं फार उशिरा. तिथल्या सतरा नंबरच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. लेणं देणाऱ्यानं त्यात स्वतःला योनक, म्हणजे यवन म्हटलं आहे. उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. मुलगा धम्मरखित याच्यासह त्यानं हे लेणं आईवडिलांच्या पुण्यासाठी कोरवलं. नाव अगदी आपल्याकडचं, पण ओळख सांगताना यवनपण विसरला नाही. ग्रीक भूगोलकार टॉलेमी यानं दुसऱ्या शतकात लिहिलेल्या ग्रंथातही नाशिकचं नाव आहे. समुद्री व्यापाराच्या आणखी एका जुन्या ग्रीक पुस्तकात पैठण, तेर आणि कल्याण आहेत. म्हणजे महाराष्ट्राचा जुना इतिहास लिहायचा, तर कुणीतरी ग्रीक वाचायलाच हवं. ते नेहमी परदेशी माणसानंच का वाचावं?

इथवर वहिनींचा चहा संपला होता. पण मुख्य प्रश्न उरलाच होता, मुलीच्या जातीला याचा उपयोग काय?

मग मी त्यांना आपल्या नाशिकच्याच एका मुलीची गोष्ट सांगितली. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, साल १८६६. मुंबई विद्यापीठाची ही पहिली महिला पदवीधर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकलेली. परीक्षेत पहिली आली. त्या क्रमांकाला विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती असे, पण ही पडली बाई, म्हणून नाकारली! अखेर तिकडच्या काही भल्या माणसांनी पैसे उभे केले आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डला पोचली. तिथं तिच्या पाठीशी उभे राहिले बेंजामिन जोवेट, प्लेटोच्या ग्रीक ग्रंथांचा इंग्रजीत अनुवाद करणारे नामांकित पंडित. कायद्याच्या त्या परीक्षेत रोमन कायदा असे, आणि त्याचे मूळ ग्रंथ लॅटिनमधले. बाईनं परीक्षेला बसावं म्हणून विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ साली ती पास झाली. पदवी केव्हा हाती आली? १९२२ साली! तीस वर्षांनी. तोवर तिनं पडद्यातल्या कितीतरी बायकांची इस्टेटीची कामं पाहिली होती.

तिकडच्या गोऱ्या मुलींचं तरी काय वेगळं होतं म्हणा! मुलग्यांना लहानपणापासून शाळेत ग्रीक-लॅटिन, आणि मुलींना शिवणटिपण. तरी १८८७ साली केंब्रिजच्या ग्रीक-लॅटिनच्या परीक्षेत पहिल्या वर्गाच्या सर्वांत वरच्या विभागात एकटीच नाव आलं, ते ॲग्नाटा रॅम्झी या मुलीचं. पदवी नाहीच. केंब्रिजनं बायकांना पूर्ण पदव्या दिल्या १९४८ साली. आपल्याकडे बाईनं संस्कृत शिकू नये, तिकडे ग्रीक शिकू नये. दोन्हीकडे जुन्या भाषेच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली बुवांच्या जानव्याला नाही तर पाद्रीबुवांच्या झग्याला.

ही दोन्ही कुलपं एकाच बाईनं उघडली. पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथं १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. त्यांना संस्कृत शिकवलं आईनं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एका बाईला शिकवलं ते पुढं लेकीला पोचलं. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेविसाव्या वर्षी पदरात तान्ही मुलगी घेऊन त्या विधवा झाल्या. पुढं विलायत, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, अमेरिका, शारदासदन, केडगावचं मुक्तिसदन, हे आपण थोडंफार ऐकलेलं असतं.

पण त्यांच्या शेवटच्या कामाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. चाळिशी उलटल्यावर रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं. आधीचं मराठी बायबल होतं, पण ते संस्कृत शब्दांनी जड झालेलं. केडगावला आलेल्या दुष्काळग्रस्त, खेड्यातल्या बायकांना ते कसं कळणार? ज्या बाईचं संस्कृत ऐकून कलकत्त्याचे शास्त्री थक्क झाले, तीच बाई बसून एकेक संस्कृत शब्द बाजूला काढत होती आणि त्या जागी साधा मराठी शब्द शोधत होती! मूळ ग्रीक शब्दाला नेमका काय अर्थ आहे, हे स्वतः वाचता आल्याशिवाय हे धाडस होत नाही. नाही तर मधल्या माणसानं सांगितलेला अर्थच मानावा लागतो. छपाईसुद्धा केडगावलाच. खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली आणि बायका. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि काही दिवसांतच गेल्या, असं सांगतात. ते संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं. त्यांचा धर्म आपल्याला पटो न पटो, बाईची ही विद्वत्ता आपण पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींत बसवून मोकळ्या झालो आहोत.

आता व्यवहाराचं बोलते, कारण वहिनींनीही तेच विचारलं. नोकऱ्या भारंभार नाहीत. मुलीला खोटं सांगू नये. एके काळी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना लॅटिन घेता येई. आज आपल्याकडे ग्रीक-लॅटिन नेमानं शिकवलं जातं ते मुख्यतः पाद्री तयार करणाऱ्या विद्यालयांत. तेव्हा आधी संस्कृत, जोडीला पाली किंवा अर्धमागधी, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, असा रस्ता धरावा. तिथं संस्कृतच्या मोठ्या शब्दकोशाचं काम १९४८ पासून चाललं आहे. हातात बी. एड. असावंच. ग्रीक त्याबरोबर थोडं थोडं शिकता येतं. अक्षरं चोवीस. त्यातली अल्फा, बीटा, थीटा, पाय, सिग्मा गणिताच्या तासाला भेटलेलीच असतात. बाकीची कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता आठवड्यात येतात. अनुभवानं सांगते, कारण दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मीही ती गिरवायला लागले आहे. आमच्याकडे त्यावरून थट्टा चालते. चालू दे.

जाता जाता वहिनींना होमरच्या महाकाव्यातला एक प्रसंग सांगितला. हेक्टर लढाईतून घटकाभर घरी येतो, तर बायको घरात नाही. तो दासींना विचारतो, ती नणंदांकडे गेली आहे की जावांकडे? आणि ती तर तान्ह्या बाळाला घेऊन वेशीच्या तटावर, त्याची लढाई बघत उभी असते.

वहिनी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "जावेचा शब्द आपला म्हणालात. आणि नणंदेचा?"

"तो नाही जुळत. त्यांचा वेगळ्याच मुळाचा आहे."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या, आणि प्रवेशाचा फॉर्म घडी घालून कमरेला खोचला. "ह्यांना दाखवते रात्री. बघू काय म्हणतात."