समुद्रावरची शेगडी का रुसते?

भाईंदर, प्रतिनिधी - उत्तनच्या पुढे, वसईच्या खाडीच्या मुखाशी चौक हे कोळीवस्तीचे गाव आहे. या किनाऱ्यावरून खोल समुद्रात गेलेली बोट अनेकदा काही दिवसांनीच परतते. तोवर तांडेल आणि खलाशांचा संसार बोटीवरच मांडलेला असतो. बर्फ, डिझेल आणि पाण्याबरोबर गॅसचा सिलिंडर व शेगडीही त्यात असते. घरातील शेगडी बिघडली तर मेकॅनिकला बोलावता येते. समुद्रात ती सोय नाही. म्हणूनच बिघाड कोणत्या क्रमाने शोधावा आणि कोठे हात आवरावा, हे ठाऊक असणे तेथे जिवाशी निगडित ठरते.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण. सिलिंडरमध्ये ते दाबाखाली द्रवरूपात असते. वर जमलेला वायू रेग्युलेटर कमी दाबाने नळीत सोडतो. शेगडीच्या जेटच्या बारीक छिद्रातून तो वेगाने बाहेर पडतो आणि जाताना आजूबाजूची हवा ओढून घेतो. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी व स्थिर राहते. म्हणजेच शेगडीला तीन गोष्टी लागतात : गॅस, हवा आणि ठिणगी. तपासही याच क्रमाने करावा.

शेगडी पेटतच नसेल तर प्रथम सिलिंडरमध्ये गॅस आहे का, रेग्युलेटर नीट बसला आहे का आणि नळी कोठे मुडपली किंवा दबली आहे का, ते पाहावे. एकच बर्नर मंद जळत असेल तर दोष बहुधा त्या बर्नरच्या जेटमध्ये असतो. खारी हवा, गंज, तेलकटपणा आणि किडे यांमुळे छिद्र बुजते. दोन्ही बर्नर मंद असतील तर रेग्युलेटर, नळी किंवा रिकामा होत आलेला सिलिंडर यांकडे वळावे. जेट साफ करताना छिद्र मोठे होऊ देऊ नये; तसे झाल्यास गॅस जास्त येतो आणि हवा अपुरी पडते.

ज्योत पिवळी दिसली की हवा कमी पडत आहे, असे समजले जाते. समुद्रावर मात्र एक फसवणूक संभवते. मिठातील सोडियममुळेही ज्योतीत नारिंगी-पिवळी झाक येते. भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल तर दोष हवेचा आहे. काजळी नसेल आणि रंग मधूनच चमकत असेल तर तो मिठाचा परिणाम असू शकतो.

सिलिंडर नेहमी उभाच आणि घट्ट बांधलेला असावा. लाटांनी तो आडवा झाला तर वायूऐवजी द्रव बाहेर येण्याचा धोका असतो. एक लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर वायू होतो. साहजिकच ज्योत एकाएकी भडकते.

तळाशी साचणारा धोका

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन सुमारे दीडपट, तर ब्युटेन दुप्पट. घरात गळती झाली तर दार उघडून तो बाहेर घालवता येतो. बोटीत तो खाली उतरतो आणि तळाच्या पोकळीत पाण्यासारखा साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन ते साडेनऊ टक्के असले की एक ठिणगी पुरते. ती इंजिनाच्या स्टार्टरची असू शकते किंवा पाणी उपसणाऱ्या पंपाचीही. म्हणून वास येताच सिलिंडर बंद करावा, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि तळ हवेशीर होईपर्यंत इंजिन सुरू करू नये. गळती शोधण्यासाठी साबणाचा फेस लावावा, काडी कधीही पेटवू नये.

दुसरा धोका वासाने कळत नाही. हवा अपुरी पडल्यास ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना गंध. गॅसमध्ये मिसळलेले वासाचे द्रव्य ज्वलनात नष्ट होत असल्याने नाकाला इशारा मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे. वारा किंवा पावसामुळे बंद केलेल्या केबिनमध्ये ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणे प्राणघातक ठरू शकते.

फिरत्या घराचीही हीच कथा

अमेरिका, कॅनडात मोटारीवरील फिरत्या घरात प्रोपेनवर चालणारी भट्टी ऊब देते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप घेईनासा होतो. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो, म्हणून तेथे प्रोपेनच वापरतात. या भट्टीत आधी पंखा फिरतो, हवेचा झोत पुरेसा असल्याची खात्री होते, मग ठिणगी पडते. ज्योत दिसली नाही तर काही सेकंदांत गॅस आपोआप बंद होतो. भट्टी पेटेना, की पुष्कळदा दोष बॅटरीत सापडतो. वीज कमी पडते, पंखा मंदावतो आणि सुरक्षा यंत्रणा गॅस रोखून धरते.

मीरा-भाईंदरच्या इमारतींतील गॅस गिझरही याच तत्त्वावर चालतो. पाण्याचा दाब पुरेसा असेल तरच तो पेटतो. गच्चीवरील टाकीच्या लगतच्या वरच्या मजल्यावर तो पेटत नसेल तर दाब कमी असण्याची शक्यता आधी तपासावी. त्यानंतर त्यातील सेल बदलून पाहावेत. न्हाणीघरात हवा खेळती असणे तर अनिवार्यच.

अशा वेळी सुरक्षा यंत्रणेलाच बिघाड समजून ती तारेने बांधण्याचा किंवा वगळून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. यंत्र बंद पडते तेव्हा अनेकदा ते आपले काम चोख बजावत असते.

पावसाळी मासेमारी बंदीत जून आणि जुलै हे महिने बोटी किनाऱ्यावर असतात आणि शेगड्या गंजत पडतात. पहिल्या फेरीआधी जाळे आणि इंजिनाबरोबर नळी, रेग्युलेटर व बर्नर तपासून घेणे हाच सर्वात स्वस्त उपाय. भेगा पडलेली नळी बदलावी. जमिनीवर गळती झाल्यास १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे. भर समुद्रात मात्र वेळीच ओळखलेली पिवळी ज्योत हीच काय ती मदत.