दुकान पुन्हा उभे राहील, हिशोबाचे काय?

31 ऑगस्ट 2021 रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरले. त्याआधी ऑगस्ट 2019 मध्ये धुळ्यात पांझरेला पूर आला होता. भिजलेला माल पुन्हा भरता येतो. पण संगणकाबरोबर उधारीच्या नोंदी गेल्या, तर कोणाकडून किती येणे आहे हे कसे कळणार? वडिलोपार्जित भांडवल नसलेल्या आपल्या पहिल्या पिढीतील व्यावसायिकांना हा फटका पेलवणारा नाही. शिवाय जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशोब जपावा लागतो.

उपाय साधा आहे. हिशोबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक दुकानाबाहेर असावी. मूळ नोंदी संगणकात, दुसरी प्रत हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर. बॅकअप झाला की डिस्क काढून घरी न्यावी. ती जोडलेलीच राहिली, तर खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातील फायलीही कुलूपबंद करतो.

रोज विक्री होत असेल तर बॅकअपही रोजच हवा. आठवड्याने घेतला, तर आठवड्याची उधारी बुडू शकते. संकटात कोणता संगणक वापरायचा, पासवर्ड घरातील आणखी कोणाला माहीत आहे, हे आधीच ठरवा.

आमचा आग्रह एकच: दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. तो उघडला आणि खाती जुळली, तरच हिशोब सुरक्षित समजा.