पहिला चौरंग

सुतारकाम हौसेने शिकू पाहणाऱ्या माणसाच्या मनात पहिल्यांदा पलंग येतो, नाहीतर पुस्तकांचे कपाट. आणि हौस नवी असताना मनसुबा मोठा असावा हे मनुष्यस्वभावाला धरूनच असले, तरी ज्याने आजवर करवत हाती धरली नाही त्याने आरंभ चौरंगाने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाट त्याहून सोपा खरा, परंतु एका फळीला खालून दोन पट्ट्या ठोकल्या की तो सिद्ध होतो आणि शिकणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. उलट चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार पट्ट्या, त्या पट्ट्यांच्या टोकांचे आठ सांधे आणि वर एक रुंद माथा, एवढ्या अल्प सामग्रीत मेज, खुर्ची आणि पलंग यांचे सारे मूळ प्रश्न एकवटलेले असतात. शिवाय सत्यनारायणाच्या दिवशी चौरंगावर वस्त्र अंथरले जाते, त्यामुळे शिकाऊ हाताचे पुष्कळसे दोष देवाखेरीज कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

मराठवाड्यात सागाचा विषय निघाला की किनवटचे नाव येतेच. निजामी अमदानीत आदिलाबाद जिल्ह्यात मोडणारा हा तालुका 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नांदेडकडे आला आणि सागवानाचे जंगल जिल्ह्याला लाभले. खातेदाराला स्वतःच्या सातबाऱ्यावरील साग तोडायचा तरी 1964 च्या वृक्षतोड अधिनियमान्वये परवानगी घ्यावी लागते आणि लाकूड हलवायचे तर वाहतुकीचा परवाना; तेव्हा वखारीतून माल घेणाऱ्याने रीतसर पावती मागून घ्यावी. लातूरकडच्या काळ्या रानात बांधाबांधावर दिसते ती बाभूळ. औत आणि गाडी यांसाठी तिच्यासारखे चिवट लाकूड नाही, आणि ती तोडल्यावर काही काळ पाण्यात मुरवली म्हणजे तिच्यातील पिष्ट धुऊन जाऊन किडीचा उपद्रव कमी होतो, हेही जुन्या लोकांना ठाऊक होते. परंतु तिच्यावर पटाशीची धार पाहता पाहता बोथट होते, म्हणून नवख्याने तिच्या वाटेस जाऊ नये. माझी पसंती पाडलेल्या वाड्याच्या अगर माळवदाच्या जुन्या सागाला आहे, कारण ते लाकूड दोन-तीन पिढ्या छपराखाली वाळलेले असते. मात्र त्यात रुतलेले खिळे आधी शोधून काढावेत, नाहीतर रंध्याच्या पात्याला खांडे पडतात.

अवजारे थोडी पुरतात: करवत, रंधा, गुण्या, लाकडी मोगरी, एक अरुंद पटाशी आणि धार लावण्याचा दगड. 17 सप्टेंबर 2023 रोजी, म्हणजे नेमक्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते खरे, पण ते या धंद्यात आधीपासून असलेल्या कारागिरांना. हौशी माणसाने पदरमोड करावी हेच न्याय्य.

आता सांध्याकडे वळू, कारण चौरंगाचा जीव तेथे आहे. पायात खाच आणि पट्टीच्या टोकाला तिच्यात बसणारी कूस, असा हा सांधा. सुतार इंचाचे आठ सूत मानतो; पट्टी इंचभर जाड असेल तर कूस तिच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाची, म्हणजे तीन सुतांची ठेवावी, कारण ती फार जाड केली तर खाचेच्या भिंती दुबळ्या होतात आणि फार बारीक केली तर कूसच मोडते. आधी खाच पाडावी आणि मग तिच्या मापाने कूस कापावी, कारण कूस रंध्याने किंचित तासून बारीक करता येते, पण रुंदावलेली खाच पुन्हा अरुंद करता येत नाही. रेघ पेन्सिलीने न ओढता चाकूने ओढावी. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःचीच जाडी असते, आणि चाकूने तंतू तुटलेले असल्यामुळे पटाशीचे टोक त्या चिरेत आपसूक टेकते. कूस हाताच्या जोराने निम्मी आत जावी आणि उरलेली मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. ठोकताना आवाज भरीव होत गेला की सांधा बसला म्हणून समजावे.

एवढा खटाटोप कशासाठी, खिळे का नाहीत, असा प्रश्न कोणी करील, तर त्याचे उत्तर लातूर जिल्ह्यातच मिळते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि माळवदावरील मातीचा प्रचंड भार निजलेल्या माणसांवर आला. परंतु ज्या घरांत तो भार भिंतींवर न टेकवता खणाखणाने उभारलेल्या लाकडी खांब-तुळयांवर तोललेला होता, तेथे भिंती पडूनही लाकडी सांगाडा अनेक ठिकाणी उभा राहिल्याचे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवून ठेवले आहे. घराला उभा भार सहसा पाडत नाही, पाडतो तो आडवा हिसका. आणि खुर्ची, मेज किंवा चौरंग हेही माणसाच्या वजनाने क्वचितच मोडतात, मोडतात ते ओढताना. अशा हिसक्यात खिळा हळूहळू ढिला होतो, तर चारही बाजूंनी टेकलेली कूस तोच ताण सर्व अंगांवर वाटून घेते.

माथ्याच्या बाबतीत मात्र नियम उलटा आहे: तो घट्ट जखडू नये. लाकूड ओलाव्याने फुगते आणि कोरड्या हवेत आखडते, तेही लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीतच. सागासारखे स्थिर लाकूडसुद्धा याला अपवाद नाही; 18 इंच रुंदीच्या माथ्यातील ओलावा पाच-सहा टक्क्यांनी उतरला, तर तो सूत-दीड सूत आखडू शकतो. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातील कोरडे ऊन आणि श्रावणातील दमट हवा यांमधील अंतर लक्षात घेतले, म्हणजे पावसाळ्यात खिळे ठोकून बसवलेला माथा उन्हाळ्यात का तडकतो ते कळते. यावर उपाय जुनाच आहे: पट्ट्यांच्या आतल्या अंगाला लांबट खोबणी करावी, तिच्यात जीभ शिरेल असे लाकडी गुटके माथ्याला खालून स्क्रूने बसवावेत, आणि गुटका व पट्टी यांमध्ये जरासा वाव ठेवावा, म्हणजे माथा जागेवर राहूनही सरकायला मोकळा असतो.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. कच्चे तेल सुकायला अनेक दिवस घेते, म्हणून बाजारात मिळणारे उकळलेले तेल आणावे, पातळ थर द्यावा आणि उरलेले पुसून काढावे. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती कोंडली की चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या अंगणात एकेक करून पसराव्यात आणि पूर्ण कडक झाल्यावरच केरात टाकाव्यात.