महागडी काठी मजबूत असते का?

उत्तर अमेरिकेत बास हा गोड्या पाण्यातला मासा गळाने पकडण्याचा छंद लोकप्रिय आहे. या छंदातल्या उत्तम काठ्या साध्या काठीच्या दहापट किमतीला विकल्या जातात. त्यांत एवढे विशेष काय असते?

एक प्रयोग करू. पट्टी टेबलाच्या कडेबाहेर अर्धी काढून घट्ट दाबा आणि टोकाला टिचकी मारा. आता टोकाला मातीची गोळी चिकटवून पुन्हा मारा. कंपने संथ होतात. म्हणजे टोक जितके हलके आणि पट्टी जितकी ताठ, तितकी कंपने जलद.

तळाशी पडलेल्या आमिषाला माशाने हलकेच तोंड लावले की तो धक्का दोरीतून काठीत येतो. जड, लवचीक काठीत तो विरतो. हलक्या, ताठ काठीतून हाताला जाणवतो. म्हणूनच १९७०च्या दशकात काचतंतूंच्या जोडीला कार्बनतंतूंच्या काठ्या आल्या. कार्बनतंतूची घनता काचतंतूच्या सुमारे ०.७ पट, ताठपणा (यंगचा गुणांक) मात्र तिप्पट. महागड्या काठीतले तंतू याहूनही ताठ असतात.

पण असे तंतू थोडेसे ताणले तरी तुटतात. दगडावर आपटल्यावर स्वस्त काचतंतूची काठी बहुधा टिकते, महागडी मोडू शकते. शिवाय कार्बन वीजवाहक असल्याने विजेच्या तारांखाली ती उंचावणे जिवावर बेतते.

ताठ म्हणजेच मजबूत का? वर्गात जरूर विचारा.