मधला थर

कापसाची रजई दोन-तीन हिवाळे वापरली की पायाशी जड आणि छातीशी रिकामी व्हायला लागते. आतला कापूस सरकतो, त्याचे गोळे होतात, आणि पहाटे नेमकी थंडी बोचते तिथे दोन कापडांखेरीज काही उरत नाही. रजई, गोधडी, दुलई, काहीही म्हणा, मधला थर जागेवर कसा धरून ठेवायचा हाच पांघरूण शिवणाऱ्यापुढचा खरा प्रश्न असतो. वरची नक्षी नंतरची. मी गेली काही वर्षं गोधड्या शिवते आणि त्यात नवे प्रकार करून बघते. या प्रश्नाची जितकी उत्तरं पानिपत या एका शहरात मिळतात, तितकी मला दुसरीकडे कुठे दिसली नाहीत.

पानिपत दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर, जुन्या जी. टी. रोडवर आहे. मराठी माणूस इथे येतो तो बहुधा पानिपतच्या लढाईचं काला आंबचं स्मारक बघायला. सदाशिवरावभाऊंची फौज १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत या गावाला धरून होती. म्हणजे उत्तरेतल्या हिवाळ्याचे सगळ्यात कडक आठवडे तिने इथल्या मैदानात काढले. स्मारकापुढे उभं राहिलं की मला लढाईच्याही आधी ती थंडी आठवते. आज देशभरात आणि परदेशात जाणारी पांघरुणं ज्या शहरांत बनतात, त्यांत याच गावाचं नाव मोठं आहे.

विणकाम इथे जुनंच. फाळणीत इथले मुसलमान विणकर पाकिस्तानात गेले आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी माग हाती घेतले. खेस हे चौकड्यांचं जाड सुती पांघरूण आणि पंजा दरी ही तेव्हाची मुख्य कामं. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, आणि चादरी, पडदे, पायपुसणी, ब्लँकेटं, क्विल्ट असा पसारा वाढला.

हिवाळा तोंडावर आला की उत्तरेतल्या गल्ल्यांत अजूनही रजया भरून मिळतात. जुना कापूस काढून पिंजतात, खोळीत भरतात, काठीने झोडून सारखा करतात आणि मग लांब सुईने अंतराअंतरावर टाके घालतात. हिंदीत याला डोरे डालना म्हणतात. आपल्याकडचा पिंजारी खांद्यावर कमान टाकून दारोदार फिरायचा, तिच्या तातेचा आवाज लांबून ऐकू यायचा. कापूस पिंजला की त्याचे तंतू मोकळे होतात, त्यांत हवा अडकते आणि ती हवाच ऊब धरते. पण मोकळा झालेला कापूस सरकतोही पटकन. म्हणून टाके फार लांब लांब घालून चालत नाही. चार बोटं अंतर मी ठीक मानते, वीतभर झालं की धुताना घोळ होतो.

कारखान्यातल्या यंत्राने हा प्रश्न आधी भरावापाशी सोडवला. पॉलिएस्टरचे तंतू उष्णतेने किंवा चिकट द्रव्याने एकमेकांना धरून त्यांची सलग, मऊ गादी केली जाते. तिला वॅडिंग म्हणतात. तिची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम यावर सांगतात. ही गादी स्वतःच स्वतःला धरून असल्यामुळे टाके विरळ चालतात. मग येतं अनेक सुयांचं क्विल्टिंग यंत्र. वरच्या कापडाचा गुंडाळा, वॅडिंगचा गुंडाळा आणि अस्तराचा गुंडाळा एकाच वेळी आत जातात. पलंगाच्या रुंदीएवढ्या पट्टीवर ओळीने सुया लावलेल्या असतात आणि त्या सगळ्या एकदमच खाली येतात. सुयांची पट्टी आणि कापड एकमेकांच्या मानाने डावी-उजवीकडे सरकली की शंकरपाळे, लाटा, वेलांट्या उमटतात. काही मिनिटांत एक अखंड पांघरूण बाहेर पडतं.

या वेगाची एक अट आहे. सगळ्या सुया एकच हालचाल करतात, त्यामुळे एका सुईने जे काढलं तेच शेजारची काढते आणि नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. यांतली बरीच यंत्रं साखळी टाका घालतात. वेगासाठी तो सोयीचा, कारण खालच्या बॉबिनमधला दोरा संपला म्हणून थांबावं लागत नाही. पण एक फास तुटला आणि टोक हाती आलं की अख्खी ओळ उसवत जाते. दुकानात क्विल्ट घेताना मी ती आधी उलटवून बघते. मागे गुंफलेल्या फासांची रांग दिसली की टोकं पक्की केली आहेत का ते बघते, मग रंग.

नक्षी पुन्हा पुन्हा नको असेल तर एका सुईचं, संगणकावर चालणारं यंत्र लागतं. त्यात पांघरूण मोठ्या चौकटीत ताणून धरलेलं असतं आणि सुई आखून दिलेल्या रेघेवर फिरते. एखादं मोठं फूल, एखादी वेडीवाकडी रेघ, मधेच सोडलेली कोरी जागा, हे सगळं इथे जमतं. मात्र वेळ लागतो आणि वेळाची किंमत मालावर चढते. दुसरं टोक म्हणजे अल्ट्रासॉनिक यंत्र, ज्यात सुईही नाही आणि दोराही नाही. सेकंदाला सुमारे २० हजार कंपनं करणारी पट्टी आणि उंचवट्यांची नक्षी असलेला रूळ यांच्यामधून तिन्ही थर जातात, घर्षणाने पॉलिएस्टर वितळतं आणि टाक्यासारखे ठिपके चिकटून बसतात. शुद्ध सुती कापड वितळत नाही, म्हणून त्यावर ही युक्ती चालत नाही. स्वस्त बेडकव्हर यामुळे आणखी स्वस्त झालं, हे खरं. मला ते पांघरूण आवडत नाही. ठिपका सुटला तर तो दुरुस्त करायला घरात काहीच साधन नसतं. टाका उसवला तर निदान सुई-दोरा असतो.

मला पानिपतात सगळ्यात जास्त ओढ वाटते ती चिंध्यांची. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले लोकरी कोट, स्वेटर, शाली कांडला बंदरातून इथे येतात. ते पुन्हा कपडे म्हणून विकले जाऊ नयेत यासाठी आधीच फाडलेले असतात. इथे त्यांचे रंगांप्रमाणे ढीग लागतात. बायका खाली बसून विळीसारख्या उभ्या पात्यावर बटणं, चेन, अस्तरं कापून वेगळी करतात. मग दातेरी रुळांची यंत्रं कापडाचा पुन्हा तंतू करतात आणि त्याचं सूत होतं. रंग आधीच निवडलेला असल्याने बहुतेकदा रंगवावं लागत नाही. या सुताला शॉडी म्हणतात. ही कला १८१३ च्या सुमारास यॉर्कशायरमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने सुरू केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात अशा कापडाचे सैनिकी गणवेश अंगावरच विरले आणि शॉडी या शब्दाला निकृष्ट हा अर्थ चिकटला. पानिपतची शॉडी ब्लँकेटं मात्र भूकंप-पुरांनंतर मदत म्हणून जगभर गेली आहेत.

मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ (२०१२) या छोट्या माहितीपटात या बायका दिसतात. परदेशात पाणी महाग असावं, म्हणून लोक कपडे धुण्याऐवजी टाकून देत असावेत, असा तर्क त्यांतली एक मांडते. समोरच्या ढिगावरून तिने काढलेलं ते अनुमान माझ्या मनातून जात नाही. तंतू निघताना उडणारी धूळ श्वासातून आत जाते. पुनर्वापराचं लेबल लावून माल विकणाऱ्यांनी त्या खोल्यांत धूळ ओढणारे पंखे आहेत का, याचाही हिशेब गिऱ्हाइकाला द्यावा, असं मला कळकळीने वाटतं.

इथे जुन्या कापडाच्या पट्ट्या विणून दऱ्याही करतात. निर्यातीच्या व्यापारात त्यांचं नाव ‘चिंदी रग’. आपल्या चिंधीचीच ही बहीण, परदेशातल्या दुकानांत मानाने पोचलेली. आपल्याकडे चिंधी म्हटलं की दारिद्र्य आठवतं. गोधडी शिवणाऱ्या बाईला मात्र ती कधी कमीपणाची वाटली नाही. विरलेलं लुगडं, धोतर, बाळाचं झबलं हे सगळं ती सलग ठेवायची, मोडून त्याचा तंतू करायची नाही. पानिपतच्या यंत्रात कोट कुणाचा होता ते पुसलं जातं. गोधडीत आईचा काठ कुठे आहे ते बोटाने दाखवता येतं. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, त्यामुळे ही घरगुती कामं निदान नोंदली गेली. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या काळ्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या. तिरके तुकडे, मोठ्या मोकळ्या जागा, न जुळणाऱ्या रेघा, अशा त्या गोधड्या आजच्या मॉडर्न क्विल्टला फार जवळच्या वाटतात.

घरच्या मशीनवरही अशा गोष्टी करून बघता येतात. कापड पुढे सरकवणारे खालचे दाते खाली बसवले की कापड हाताने हवं तसं फिरवून रेघ काढता येते. सराव होईतो टाके लहान-मोठे पडतात. वॉकिंग फूट नावाचा जोड लावला की वरूनही दाते चालतात, त्यामुळे वरचा थर खालच्याच्या बरोबरीने सरकतो. साधा पाय असला की दाते फक्त खालचं कापड ओढतात आणि वरचं मागे राहतं, मग शेवटी चुण्या पडतात.

या वर्षी मी पानिपतचं एक राखाडी शॉडी ब्लँकेट मधला थर म्हणून घेतलं. वर आजीच्या लुगड्याचे तुकडे, मापाने न कापता, जसे आले तसे जोडलेले. खाली जुनी चादर. परदेशातल्या पुस्तकांत मधून सुरुवात करून कडेकडे जायला सांगतात, म्हणजे कापडातली ढील बाहेर निघून जाते. आजी कडेपासून सुरू करायची आणि चौकोनात चौकोन घालत आत यायची. मी वॉकिंग फूट लावून तिच्याच वाटेने निघाले. पहिले दहा-बारा फेरे सुंदर बसले. मग मधे फुगवटा दिसायला लागला. हाताच्या प्रत्येक टाक्यात आजी ती ढील थोडी थोडी मुरवत असणार, मशीनने मात्र ती सगळी पुढे ढकलत आणून मधे जमा केली. मधला वीतभर चौकोन उसवला, ब्लँकेट तळहाताने पसरून घेतलं, कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि जाड दोरा ओवून धावदोऱ्याने तो हातानेच बंद केला. त्याला दोन दुपारी लागल्या.